प्रसन्न मंडळ, काउंटी मेयो

आमच्या घरी शनिवार वासावरून ओळखता यायचा. चुलीत टर्फ धुमसत असायचं. टर्फ म्हणजे दलदलीतून विटांसारखी कापून काढलेली आणि वाऱ्यावर वाळवलेली माती, आयर्लंडमधल्या मेयोत तेच जळण. त्या चुलीवर आईची पुण्याहून आणलेली लोखंडी कढई, कढईत मोहरी, हिंग, आणि बाहेर पावसाचा पत्र्यावर चाललेला एकसुरी आवाज. टर्फचा धूर आणि फोडणी मिळून जो एक वास व्हायचा, तो मला पुढे कुठेच भेटला नाही. आता देशाच्या पूर्व किनाऱ्यावर, डून लेरीतल्या या फ्लॅटमध्ये खिडकी उघडली की समुद्राचा वास येतो, चांगला असतो, पण कधी कधी दुपारी डोळे मिटून पडलेली असताना मी नाकानं तोच जुना वास शोधत असते. मिळत नाही.

दुपारी कारखान्याचा भोंगा झाला की थोड्या वेळानं मागच्या दारी बूट आपटून चिखल झटकल्याचा आवाज यायचा. एक जोड बाबांचा आणि दुसरा हेल्मुटचा. हेल्मुट बाबांच्या कारखान्यात फोरमन होता. पन्नाशी ओलांडलेला, एकटा, उंच, आणि वाऱ्यानं मान कायम लाल झालेला. दर शनिवारी तो आमच्याकडे जेवायचा. बटाट्याची भाजी आणि कढी हे त्याचे आवडते पदार्थ. कढीसाठी ताक यायचं शेजारच्या ब्रायडीकडून. ब्रायडी विधवा होती, तिच्या गोठ्यात सात-आठ गाई होत्या आणि तिच्या ताकाला पुण्यातल्या कुठल्याही ताकानं मान खाली घालावी अशी चव होती. आईला इंग्रजी येत नव्हतं आणि ब्रायडीचं इंग्रजी बाबांनाही कळत नव्हतं, पण या दोघी कुंपणाशी उभ्या राहून आपापल्या भाषेत तासन्‌तास बोलायच्या. माझं नाव नीला, पण ब्रायडीला ते आपल्याकडचंच वाटायचं. ती मला ‘नूला’ म्हणायची आणि मीही ओ द्यायची.

आम्ही तिथं कसे पोचलो ते सांगायला हवं. बाबा पुण्यात पंपांच्या कारखान्यात इंजिनियर होते. त्या कारखान्याचा एका जर्मन कंपनीशी करार होता, म्हणून तरुणपणी जर्मनीत राहून बाबा काम आणि भाषा दोन्ही शिकून आले होते. पुढे त्याच जर्मन कंपनीनं आयर्लंडच्या पश्चिमेला, कासलबारच्या पलीकडच्या एका छोट्या गावात व्हॉल्व्हचा कारखाना काढला. जर्मन साहेबांना तिथलं इंग्रजी समजेना, तिथल्या माणसांना जर्मन येण्याचा प्रश्नच नव्हता. मग कुणाला तरी पुण्याच्या केळकरांची आठवण झाली. परवा इथल्या गणपतीत नागपूरच्या एका सॉफ्टवेअरवाल्या मुलानं मला विचारलं, ‘काकू, त्या काळात तुम्ही लोक इथं कसे काय?’ मी म्हटलं, आलो कारखान्यामुळे आणि राहिलो फुटबॉलमुळे. त्याला वाटलं मी गंमत करतेय. तो हसला, आणि मोदकांच्या ताटाकडे वळला.

मेयोत फुटबॉल म्हणजे गेलिक फुटबॉल, हातानं झेलायचं आणि पायानं मारायचं. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो तिथं परक्यांचा खेळ होता आणि त्याच्याकडे लोक जरा तिरक्या नजरेनंच बघायचे. तरीही हेल्मुटनं क्लब काढला. कारखान्यातली पोरं जमवली, चार जर्मन होते ते घेतले, आणि गोलकीपर म्हणून बाबांना उभं केलं, कारण बाबा कॉलेजात विकेटकीपर होते हे त्यानं कधीतरी ऐकलं होतं. मैदान ब्रायडीनं दिलं. तिचं उतरतं कुरण, एका टोकाला गवत, दुसऱ्या टोकाला नुसता चिखल. तिचा मुलगा शेमस कारखान्यात लेथवर होता आणि आमचा फॉरवर्ड होता; काटक, अबोल, आणि चेंडू पायात आला की एकदम दुसराच माणूस. तो बाबांना ‘डॉक’ म्हणायचा. त्या काळी मेयोत भारतीय माणूस दिसला की तो डॉक्टरच असणार, अशी लोकांची खात्री होती, आणि बाबांनी कितीही सांगितलं तरी ती ढळली नाही.

क्लबला हेल्मुटनं नाव दिलं ‘फ्रोझिन’. बाबांनी आईला अर्थ सांगितला, मनाची प्रसन्नता. आई म्हणाली, ‘म्हणजे प्रसन्न मंडळ. आपल्या पेठेत शोभलं असतं.’ तेव्हापासून आमच्या घरात ते प्रसन्न मंडळच झालं. गावानं मात्र त्याचं ‘फ्रोझन’ करून टाकलं, आणि जानेवारीतल्या रविवारी निळ्या पडलेल्या गुडघ्यांनी धावणारी ती पोरं बघितली की तेच नाव बरोबर वाटायचं. जर्सी जांभळी आणि पांढरी. गावातले पाद्री म्हणाले की हा तर उपवासाच्या दिवसांतला रंग. पण आम्हाला माहीत होतं की हे नाव आणि हे रंग त्यानं मेयोत येऊन शोधलेले नव्हते. ते त्याच्या गावच्या क्लबचे होते, आणि तो क्लब केव्हाच मेला होता.

शनिवारी जेवण झालं की हेल्मुट त्या क्लबचा इतिहास सांगायचा. तो जर्मनमध्ये बोलायचा, बाबा मराठीत सांगायचे, आई हात पुसत ऐकायची आणि मी अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून ऐकायची. जर्मनीच्या पूर्वेकडचं ते लहानसं गाव, नदीकाठी कातड्याचा कारखाना, आणि त्या कातड्याच्या वासातलं मैदान. क्लब काढला एका न्हाव्यानं आणि एका शाळामास्तरानं. पहिला चेंडू न्हाव्याच्या बायकोनं शिवला तो लंबगोल झाला आणि वर्षभर तशाच चेंडूनं खेळले. एका मॅचला नदी मैदानात शिरली, तर घोटाभर पाण्यात दुसरा हाफ पुरा केला. लेफ्ट विंगला लेओ नावाचा कापडदुकानदाराचा मुलगा खेळायचा. तो इतका हलक्या पावलांचा होता, की लहान हेल्मुट मॅचनंतर त्याच्या बुटांचे ठसे शोधत मैदानभर फिरायचा. हेल्मुटचे वडील क्लबचे चिटणीस. ज्या वर्षी प्रसन्न मंडळ जिल्ह्यात पहिलं आलं, त्या वर्षी ब्रास बँड लावून सगळं गाव नाचलं. इथपर्यंत आलं की हेल्मुट थांबायचा. ‘मग पुढे?’ आई दर वेळी विचारायची. ‘मग युद्ध झालं,’ तो म्हणायचा, ‘आणि युद्धानंतर नव्या सत्तेनं सगळे जुने क्लब बरखास्त केले.’ आणि ताट पुढे करून कढी मागायचा. मला तेव्हा त्या गावाची इतकी ओढ लागली होती की पुण्यातल्या आमच्या गल्लीपेक्षा तेच गाव स्वप्नात यायचं. न पाहिलेल्या जागेची आठवण येते, हे मी तेव्हा शिकले.

मी सतरा वर्षांची असताना, मे महिन्यातल्या एका शनिवारी, हेल्मुट आला पण जेवेना. त्या आठवड्यात बाबाही नीट झोपत नव्हते. पहाटे उठून खिडकीशी उभे असायचे. आईनं दोघांची ताटं वाढली होती, दोघांनीही भाताला हात लावला नव्हता. बाहेर स्वच्छ, लांबलचक उजेड होता. मेच्या त्या दिवसांत तिकडे दिवस संपता संपत नाही. पलीकडच्या कुरणात शेमस उद्याच्या मॅचसाठी चुन्याच्या रेघा मारत होता, आणि आमच्या खिडकीतून तो वाकलेला दिसत होता. हेल्मुट बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग कुणी न विचारताच त्यानं इतिहास सुरू केला, आणि या वेळी जिथं थांबायचा तिथून पुढे.

ब्रास बँड वाजला त्याच्या पुढच्याच वर्षी, बाबा सांगू लागले, वरून हुकूम आला की ज्यू खेळाडूंना क्लबात ठेवायचं नाही. लेओ ज्यू होता. ‘हेल्मुट म्हणतो, त्याच्या वडिलांना आठवडाभर आधी कळलं होतं. त्या आठवड्यात लेओ दोनदा यांच्या घरी येऊन गेला. वडील त्याच्याशी हवापाण्याचं बोलले. आई कॉफी देत होती. कुणी काही सांगितलं नाही. रविवारी तो बूट हातात घेऊन मैदानावर आला, आणि तिथं, सगळ्यांसमोर…’ बाबा बोलायचे थांबले. हेल्मुट पुढे बोलत होता, सावकाश, टेबलाच्या लाकडाकडे बघत, पण बाबा मराठीत काही आणेनात.

‘अहो, पुढे काय म्हणाला तो?’ आईनं विचारलं.

‘म्हणाला, बाकीचे सगळे त्या दिवशी खेळले. क्लब तेव्हाच संपला. बाकीचं सगळं उगाच सांगत होतो, म्हणाला.’

चुलीत टर्फ खाली बसल्याचा आवाज झाला. आईनं हेल्मुटकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, ‘तुम्ही दोघं काय लपवताय?’

मग बाबांनी सांगितलं. कारखाना बंद होणार होता. साहेब सोमवारी दुपारी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून सांगणार होते, आणि ते इंग्रजीतून सांगायचं काम बाबांचं होतं. तयारी करता यावी म्हणून साहेबांनी बाबांना आणि हेल्मुटला बुधवारीच सांगून ठेवलं होतं, आणि तोंडातून शब्द जाता कामा नये असंही. बाबांना जर्मनीतल्या मुख्य कारखान्यात घेण्याचं कबूल केलं होतं. गावातल्या दुसऱ्या कुणालाही काही कबूल केलेलं नव्हतं. आणि सोमवारी सकाळी शेमस आपल्या गाई बाजारात नेणार होता. कारखान्याचं काम पक्कं, म्हातारीला आता दूध काढवत नाही, गाई गेल्या की कुरण कायमचं क्लबला, असं मायलेकांनी ठरवलं होतं. त्या कुरणात कपडे बदलायची खोली कुठं बांधायची, हे हेल्मुट महिनाभर सगळ्यांना सांगत होता. सकाळी गाई विकल्या जाणार, दुपारी काम जाणार, आणि मधल्या वेळात बाबा शेमसला रोजच्यासारखं ‘ग्रँड डे’ म्हणणार.

आई म्हणाली, ‘मग इथं का बसलाय?’

बाबा उठले. कोट घालताना त्यांचा हात बाहीत अडकला तो हेल्मुटनं सोडवून दिला. दारातून बाबा मागं वळले आणि मला म्हणाले, ‘नीला, तू पण चल. ब्रायडीचं मला कळायचं नाही.’ ज्या माणसाला भाषांतरासाठी जर्मन कंपनीनं हजारो मैलांवरून आणलं, तो शेजारच्या घरी जाताना मुलीला बरोबर घेत होता. तेव्हा मला त्याचं हसूही आलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. मी नुसती त्यांच्या मागून निघाले.

ब्रायडी टेबलाशी सोडा ब्रेडचं पीठ मळत होती. शेमस नुकताच आत येऊन चुन्याचे हात धूत होता. बाबांनी त्यांच्या काळजीपूर्वक जोडलेल्या इंग्रजीत सुरुवात केली, कंपनीची परिस्थिती, बाजारातली मंदी, वरिष्ठांचा निर्णय. सोमवारच्या भाषणासाठी तयार केलेलीच ती वाक्यं असावीत. ब्रायडीनं पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याकडे बघितलं. ‘काय म्हणतोय गं हा, नूला?’

मी म्हटलं, ‘कारखाना बंद होतोय. गाई विकू नका.’

शेमसनं नळ बंद केला. हात न पुसताच त्यानं बाबांना विचारलं, ‘कधीपासून माहीत आहे?’

‘बुधवारपासून.’

शेमस त्यांच्याकडे बघत राहिला. गुरुवारी दोघांनी एकाच बाकावर बसून डबा खाल्ला होता, शुक्रवारी सरावाला दोघं एकत्र चालत गेले होते. हे सगळं त्याच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसलं. बाबांनी कुठलंही कारण सांगितलं नाही. साहेबांनी बजावलं होतं हेही नाही. शेमस मागच्या दारानं गोठ्याकडे गेला आणि बादल्या जोरात ठेवल्याचे आवाज आले. ब्रायडीनं हात धुतले, प्रेस उघडलं, तिथं कपाटाला प्रेस म्हणतात, त्यातून पाहुण्यांसाठी ठेवलेला कप काढला आणि बाबांना चहा दिला. ‘आलास ना सांगायला,’ ती म्हणाली. हे वाक्य बाबांना माझ्याशिवाय कळलं.

रविवारी सकाळच्या प्रार्थनेला बातमी गावभर झाली. मॅच दुपारी होती, समुद्राकडच्या एका गावाविरुद्ध. पोरं येतील की नाही याची आम्हाला खात्री नव्हती. हेल्मुट तासभर आधीच कुरणात जाऊन जाळी बांधत होता. आई कधीही मॅच बघायला गेली नव्हती, थंडी आणि चिखल तिला सोसत नसे. त्या दिवशी दोन स्वेटर आणि पुण्याची शाल घालून ती ब्रायडीशेजारी दगडी बांधावर बसली. पोरं एकेक करून आली. एक मुलगा बाबांच्या शेजारून जाताना थुंकला, दुसऱ्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. शेमस सगळ्यात शेवटी आला, बाबांकडे बघितलं नाही, पण बूट बांधायला त्यांच्याच जवळ बसला. आम्ही हरलो. शेमसनं एक गोल केला, तसा गोल त्यानं आधी कधी केला नव्हता, पण हात वर केले नाहीत, वळून चालत मधल्या रेघेवर गेला.

रेफरीनं शेवटची शिट्टी दिली आणि मग एक गोष्ट झाली, ती सांगायलाच मी हे प्रकरण लिहायला घेतलं. कुणी मैदान सोडेना. कुणीतरी चेंडू पुन्हा आत ढकलला, आणि खेळ चालूच राहिला. समोरचा संघ थोडा वेळ बघत उभा होता, मग तेही खेळू लागले. रेफरी घड्याळ बघून बांधावर येऊन बसला. पंचावन्न वर्षांचा हेल्मुट कोट काढून आत शिरला, लेफ्ट विंगला. गोलांची मोजदाद संपली होती, कोण कुठल्या बाजूचं तेही पुसट झालं होतं, नुसता चेंडू, धापा आणि चिखलातून बूट निघतानाचा चपक चपक आवाज. मग कधीतरी शेमसनं लांबून ओरडून बाबांकडे चेंडू मागितला. ‘डॉक!’ एवढंच. बाबांनी चेंडू त्याच्या पायात टाकला. दूध काढायची वेळ होऊन गाई फाटकाशी येऊन हंबरायला लागल्या, तेव्हा ब्रायडी उठली आणि तिनं फाटक उघडलं. गाई सरळ मैदानात आल्या. एवढ्यानंच तो क्लब संपला. तेव्हापासून त्या कुरणात कुणी खेळलं नाही.

सोमवारी साहेब बोलले, बाबांनी शब्द न शब्द इंग्रजीत सांगितला, आणि हॉलमध्ये कुणालाही धक्का बसला नाही. साहेब जर्मन असले तरी चेहरे वाचता येण्याएवढे हुशार होते. बाबांच्या जर्मनीतल्या कामाचा विषय पुन्हा निघाला नाही. पुण्याला परतायला आईबाबांना संकोच वाटला, माझी शाळेची शेवटची परीक्षा तोंडावर होती. काही महिने फार वाईट गेले, ते मी लिहीत नाही. मग कासलबारच्या मोठ्या हॉस्पिटलात बॉयलर आणि लिफ्ट सांभाळायचं काम बाबांना मिळालं, आणि ते शेमसच्या मामेभावानं सांगितल्यामुळे मिळालं. शेमसनं गाई वाढवल्या. तो आणि बाबा पुन्हा पूर्वीसारखे झाले असं मी म्हणणार नाही. पण ताक येत राहिलं.

हेल्मुट त्याच उन्हाळ्यात पश्चिम जर्मनीत बहिणीकडे गेला. निघताना आईपुढे वाकून त्यानं तिचा हात कपाळाला लावला. हे त्याला कुणी शिकवलं कोण जाणे. काही वर्षांनी त्याच्या बहिणीनं फोनवर तो वारल्याची बातमी दिली. त्यानंतरचे अनेक शनिवार आई दुपारी कढी करायची आणि बाबा ती गुपचूप खायचे.

पुढे बर्लिनची भिंत पडली, पूर्वेकडे जाणं सोपं झालं, आणि निवृत्त झालेले बाबा एक दिवस मला म्हणाले, ‘ते गाव बघून येऊ.’ मी रजा काढली. गाव होतं तसंच होतं, म्हणजे मी डोळ्यांपुढे आणलं होतं त्यापेक्षा बरंच लहान. नदी होती. कातड्याचा कारखाना पडला होता. मैदानाच्या जागी गॅरेजांची रांग होती. बेकरीबाहेर बाकावर एक म्हातारा बसला होता, हेल्मुट असता तर असता तेवढ्या वयाचा. बाबांनी टोपी काढून त्याला क्लबबद्दल विचारलं. त्यानं मान हलवली. बाबा मला म्हणाले, ‘असा कुठला क्लब इथं नव्हताच, म्हणतो.’

मग बाबा त्याच्याशेजारी बसले आणि बोलू लागले. मला जर्मन येत नाही, पण कुठं काय चाललंय ते मला कळत होतं. न्हावी आणि मास्तर आले. लंबगोल चेंडू आला, बाबांनी हातानं आकार दाखवला. पाण्यातली मॅच आली, जांभळा-पांढरा रंग आला, बँड आला. पुण्याच्या पेठेतला एक माणूस जर्मनीतल्या एका गावाला त्याचाच इतिहास सांगत होता, आणि म्हातारा रस्त्याकडे बघत ऐकत होता. बाबांचा आवाज खाली आला. मग मला ‘लेओ’ हे नाव ऐकू आलं.

म्हाताऱ्यानं काठी उचलून रस्त्यापलीकडे दाखवलं. एक दुमजली घर होतं, खाली आता चष्म्यांचं दुकान, पूर्वी कापडाचं असावं. तो काहीतरी थोडंसं बोलला. बाबांनी ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आम्ही रस्ता ओलांडून त्या घरासमोर जाऊन उभे राहिलो. आतून दुकानातली मुलगी काय हवं म्हणून बाहेर आली, आणि बाबांनी तिला नम्रपणे सांगितलं की काही नको, आम्ही फक्त बघायला आलो आहोत.